जयंतीपुरतेच का नाचायचे?

१४ एप्रिलच्या रात्री मिरवणूक वस्तीच्या तोंडाशी आली की एक गोष्ट आम्ही दरवर्षी पाहतो. तरुण पोरे पुढे नाचत असतात. आयाबाया पांढऱ्या साड्या नेसून कडेला उभ्या असतात. कुणाच्या कडेवर मूल, कुणाच्या हातात पाण्याची बाटली. मग एखादे ओळखीचे भीमगीत लागते, एखादी आजी पदर खोचून मध्ये शिरते आणि तिच्यामागे दहा-बारा जणी जातात. पाच-सहा मिनिटांत त्यांचे चेहरे बदलतात. जिला आपण वर्षभर हसताना पाहिलेले नसते, ती बाई त्या रात्री हसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर त्याच बाया पुन्हा मान खाली घालून उभ्या असतात. आता पुढचे नाचणे कुणाच्या हळदीला, नाहीतर थेट पुढच्या १४ एप्रिलला.

या महिन्याच्या आरोग्य पानाचा विषय हाच आहे. नाचल्याने, अंग हलवल्याने मन हलके होते. ही नुसती समजूत नाही, त्यामागे शरीराचे शास्त्र आहे. मग जे औषध एका रात्रीत एवढा फरक पाडते, ते वर्षातून एकदाच का घ्यायचे?

एका ताईची गोष्ट

आमच्या ओळखीची एक ताई चार घरची धुणीभांडी करते. नवरा वारलेला, दोन मुले शिकतात. दोन-तीन वर्षे तिची एकच तक्रार होती: अंग भरून येते, डोके जड राहते, रात्री झोप नाही, कशातच मन लागत नाही. ती दवाखान्यात जायची, दुखण्याची गोळी आणि ताकदीची गोळी घेऊन यायची. कधी सलाईन लावून घ्यायची. पैसे जायचे, दुखणे तसेच राहायचे. आम्हीही तिला काय सांगितले? "ताई, टेन्शन घेऊ नका." हे सांगणे म्हणजे पावसात उभ्या असलेल्या माणसाला भिजू नका म्हणण्यासारखे होते, हे आम्हाला उशिरा कळले.

जयंतीच्या रात्री ती दोन गाण्यांवर नाचली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "काल लई दिसांनी झोप लागली बघा." तेव्हा आम्ही दोन कामे केली. एक, तिला रक्त तपासायला नेले. हिमोग्लोबिन बरेच कमी निघाले, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. दुसरे, संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर चार जणी जमायच्या तिथे मोबाईलवर दोन गाणी लावून अंग हलवायला सुरुवात केली. दीड-दोन महिन्यांनी ती म्हणाली, "दुखणं समदं गेलं नाही, पण सकाळी उठावंसं वाटतं."

सकाळी उठावेसे वाटणे ही छोटी गोष्ट नाही. मनाच्या आजारात पहिल्यांदा हेच हरवते.

मनाचे दुखणे अंगातून बोलते

आपल्या वस्तीत कुणी येऊन "मला नैराश्य आले आहे" असे म्हणत नाही. माणसे म्हणतात, छातीत धडधडते, हातापायाला मुंग्या येतात, जेवण जात नाही, चिडचिड होते, पोरांवर हात उठतो. पुरुष तर तेही म्हणत नाहीत, ते दारूच्या गुत्त्यावर जाऊन बसतात. नोकरी नसलेला पोरगा दिवसभर मोबाईल घेऊन पडून राहतो आणि घरचे त्याला आळशी म्हणतात.

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात दर दहा प्रौढांमागे साधारण एकाला त्या वेळी मनाचा काही ना काही आजार होता आणि त्यातल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोहोचलेले नव्हते. म्हणजे पन्नास घरांच्या गल्लीत अशी कितीतरी माणसे असतील. ती वेडी नाहीत. जसा रक्तदाब वाढतो, जशी साखर वाढते, तसेच मनही आजारी पडते.

अंग हलले की आत काय होते?

पहिली गोष्ट रसायनांची. आपण वीस-पंचवीस मिनिटे दम लागेल असे हललो की शरीर स्वतःच काही द्रव्ये तयार करते. त्यातली काही वेदना कमी करतात, काही मनाला बरे वाटायला लावतात. ती बाहेरून विकत आणावी लागत नाहीत.

दुसरी गोष्ट झोपेची. ज्याचे अंग दिवसा मोकळे झाले, त्याला रात्री गाढ झोप लागण्याची शक्यता जास्त. झोप नीट झाली की दुसऱ्या दिवशी चिडचिड कमी होते. मन आणि झोप यांचे नाते दोन्ही बाजूंनी आहे, एक बिघडले की दुसरे बिघडते.

तिसरी गोष्ट विचारांच्या चक्राची. उदास माणसाच्या डोक्यात तेच ते विचार फिरत राहतात. तो असे का बोलला, भाडे कसे द्यायचे, माझेच नशीब असे का. नाचताना पाऊल तालावर टाकावे लागते, पुढची ओळ आठवावी लागते, शेजारणीचा धक्का चुकवावा लागते ते वेगळेच. तेवढा वेळ डोक्यातले जाते थांबते. दहा मिनिटे थांबले तरी मेंदूला विसावा मिळतो.

चौथी गोष्ट सोबतीची. एकाच तालावर अनेक जणांनी एकत्र हलले की माणसांना एकमेकांविषयी जवळीक वाटते. एकटीने दुःख वाहणे आणि दहा जणींच्या रांगेत उभे राहून टाळी वाजवणे यात फार फरक आहे. संघाला शरण जातो असे आपण रोज म्हणतो. त्याचा साधा अर्थ हाही आहे की माणसाने एकटे पडू नये.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आपल्याला वाटते, आधी मन ठीक होऊ दे, मग मी उठेन. नैराश्यात हे उलटे चालवावे लागते. आधी उठायचे, थोडे हलायचे, मन मागून येते. मानसोपचार करणारे लोकही उपचारात हीच वाट वापरतात: रुग्णाला आवडेल अशी छोटी कृती ठरवून करायला लावतात, मूड येण्याची वाट पाहू देत नाहीत.

२०२४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नल या नामांकित नियतकालिकात एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. नैराश्यावर व्यायामाचा काय परिणाम होतो हे पाहणारे २१८ अभ्यास आणि १४ हजारांवर माणसे त्यात होती. चालणे, धावणे, योगासने, वजन उचलण्याचे व्यायाम यांनी फायदा दिसला आणि नाचानेही चांगला फायदा दिसला. मात्र नाचावरचे अभ्यास संख्येने कमी आहेत, म्हणून नाच हाच सर्वांत भारी उपाय असे आम्ही म्हणणार नाही. एवढे नक्की म्हणू की ज्याला जे आवडते आणि जमते, ते त्याने करावे. आवडीचे असेल तरच ते टिकते.

"आम्ही दिवसभर राबतो, अजून काय हलायचे?"

बैठकीत हा प्रश्न हमखास येतो आणि तो रास्त आहे. चार घरची फरशी पुसणारी, बांधकामावर घमेली उचलणारी, पहाटे पाचला रस्ता झाडायला जाणारी बाई कमी हलते का? नाही. घरात टेबलाशी बसणाऱ्या माणसापेक्षा तिचे अंग दहापट झिजते.

पण कामाचे हलणे आणि मनाचे हलणे एक नाही. कामात तेच स्नायू तासन् तास एकाच बाजूला वापरले जातात. कंबर वाकलेली, मान खाली, विश्रांती मालकाच्या मर्जीवर. मनात धास्ती असते: उशीर झाला तर, काही फुटले तर, पगार कापला तर. रिकाम्या वेळेतल्या हालचालीने मनाला जो फायदा होतो, तो राबण्याच्या हालचालीने तेवढा होत नाही, असे संशोधकांनाही दिसले आहे.

नाचताना मान वर असते, छाती उघडी असते, हात खांद्याच्या वर जातात. दिवसभर जे अंग वाकले, ते उलट्या दिशेने उघडते. मुख्य म्हणजे कधी थांबायचे ते आपण ठरवतो. म्हणून राबणाऱ्या बाईला आम्ही "जास्त व्यायाम करा" म्हणत नाही. आम्ही म्हणतो, दिवसातली दहा मिनिटे स्वतःच्या मालकीची ठेवा. ज्या दिवशी अंग अगदीच गळून गेले असेल त्या दिवशी नुसते बसून टाळी वाजवा, खांदे फिरवा. तेही चालते.

नाच म्हटले की आपण का बिचकतो?

याचे उत्तर आपल्या इतिहासात आहे. आपल्या समाजातल्या बायांना शतकानुशतके दुसऱ्याच्या करमणुकीसाठी नाचायला लावले गेले. मुरळी, जोगतीण, देवदासी या नावांनी देवाला वाहिलेल्या मुली कुणाच्या घरच्या होत्या हे आपल्याला ठाऊक आहे. जून १९३६ मध्ये मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी याच बायांपुढे भाषण केले आणि हे लाजिरवाणे जगणे सोडून द्या असे त्यांना स्पष्ट सांगितले. म्हणून नाच म्हटले की आजही एखादी आजी कपाळाला आठ्या घालते. तिचा राग आम्हाला समजतो.

पण त्याच चळवळीने गाणे आणि ताल टाकून दिला नाही. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांच्या आंबेडकरी जलशांनी तमाशाचा साचा घेतला, त्यातले हिणकस काढून टाकले आणि त्यात शिक्षणाचा, संघटनेचा विचार भरला. पुढे वामनदादा कर्डकांनी आयुष्यभर गावोगावी जाऊन गाणी गायली. खुद्द बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते. कला वाईट नव्हती, गुलामी वाईट होती. दुसऱ्याने फेकलेल्या पैशासाठी नाचणे वेगळे आणि आपल्या माणसांत, आपल्या मनासाठी पाऊल उचलणे वेगळे.

अजून एक गोष्ट बोलायला हवी. १९५६ नंतर आपण जुने सण सोडले आणि ते योग्यच केले. पण पंचमीचा फेर, फुगड्या, झिम्मा हे बायांचे खेळही त्या सणांबरोबर अनेक घरांतून गेले. पूजा गेली त्याचे दुःख नाही. मात्र बायांना मोकळेपणी घाम गाळून हसायची जी जागा होती तिच्या बदल्यात रोजची नवी जागा आपण उभी केली नाही. सगळा भार एका जयंतीवर पडला. ती जागा आता विहारात उभी करता येईल.

धम्मात हे चालते का?

हा प्रश्नही येतो. पंचशीलात नाच-गाण्याला मनाई नाही. उपोसथाच्या दिवशी जे अष्टशील घेतात, त्यांच्यासाठी नाच, गाणे, वाद्य यांपासून दूर राहण्याचे शील आहे. ज्यांनी ते घेतले असेल त्यांनी त्या दिवशी नाचू नये. भिक्खू संघाचे नियम तर वेगळेच आहेत.

पण अंग हलवणे धम्माला परके नाही. ध्यान म्हणजे फक्त मांडी घालून बसणे नव्हे. सावकाश, भान ठेवून येरझारा घालणे हाही ध्यानाचाच प्रकार आहे, त्याला चंक्रमण म्हणतात. अंगुत्तर निकायातल्या चंकम सुत्तात त्याचे पाच फायदे सांगितले आहेत: प्रवासाची ताकद येते, प्रयत्न करण्याची ताकद येते, आजार कमी होतात, खाल्लेले पचते आणि त्यातून आलेली एकाग्रता पुष्कळ काळ टिकते. आजचा डॉक्टर चालण्याचे जे फायदे सांगतो, त्यांच्याशी हे ताडून पाहा. उपोसथाच्या दिवशी नाचाऐवजी विहाराच्या आवारात पंधरा मिनिटे चंक्रमण करा. औषध तेच, फक्त रूप वेगळे.

पाचवे शील मात्र नाचताना विसरायचे नाही. दारू पिऊन नाचणाऱ्याला त्या रात्री बरे वाटते, पण दारू मुळात मनाला खाली ओढणारी वस्तू आहे. झोप मोडते आणि सकाळी उदासी आणखी वाढते. शुद्धीत नाचलेल्याच नाचाचा मनाला फायदा होतो.

दहा मिनिटांचा धडा

दहा बाय दहाच्या खोलीतही हे जमते. पलंग असेल तर त्याच्या शेजारची जागाही पुरते. जेवणानंतर लगेच करू नका, दीड-दोन तास जाऊ द्या. आधी पाणी प्या. साडी असेल तर निरी वर खोचा, गाऊन किंवा पंजाबी ड्रेस असेल तर उत्तम. ओल्या फरशीवर नाचू नका.

पहिली दोन मिनिटे: जागच्या जागी चाला. हात मोकळे सोडा. खांदे पुढून मागे दहा वेळा आणि मागून पुढे दहा वेळा फिरवा. मान हळूच उजवीकडे, डावीकडे वळवा. मानेला झटका देऊ नका.

पुढची दोन मिनिटे: उजवा पाय बाजूला टाका, डावा त्याला आणून मिळवा, टाळी वाजवा. मग डावीकडे तसेच. हे जमले की टाळी डोक्याच्या वर वाजवा.

पुढची चार मिनिटे: आवडीचे गाणे लावा. शाळेत लेझीम खेळला असाल तर ते हात आठवा: खाली, समोर, वर, समोर. हातात लेझीम नसली तरी चालेल. दोन पावले पुढे, दोन मागे, एक गिरकी. चक्कर येत असेल तर गिरकी घेऊ नका. पाऊल चुकले तर हसा आणि पुढे चला, इथे परीक्षा नाही.

शेवटची दोन मिनिटे: हळूहळू थांबा. एकदम खाली बसू नका. उभे राहून श्वास आत, श्वास बाहेर, एवढेच पाहा. आनापानसती शिकला असाल तर इथे तिचा उपयोग होतो. दमलेल्या अंगात मन लवकर स्थिरावते.

किती जोरात करायचे? साधी खूण अशी: नाचताना शेजारणीशी बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणायला दम पुरू नये. बोलताही येत नसेल तर वेग कमी करा.

किती वेळ करायचे? जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम हालचाल सांगते. म्हणजे रोज तीस मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस. ती एकदम करायची गरज नाही. सकाळी दहा, संध्याकाळी वीस असे चालते. सुरुवातीला रोज दोन गाणी पुरे. काहीच न करण्यापेक्षा थोडे केलेले नेहमीच चांगले.

कुणी काय जपायचे?

गुडघे दुखणाऱ्यांनी आणि आजी-आजोबांनी खुर्चीवर बसून करावे. टाचा वर-खाली, पाय सरळ करणे, टाळ्या, खांदे, हात वर. बसून केलेला नाचही नाचच आहे. उभे राहायचे असेल तर भिंतीजवळ राहा.

साखरेचे औषध किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी नाचू नये. खिशात गूळ किंवा साखर ठेवावी. घाम फुटून हात थरथरू लागले तर लगेच खावे. पायात चप्पल किंवा बूट हवा, कारण साखरेच्या रुग्णाला पायाची जखम लवकर कळत नाही.

रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. हालचाल करताना छातीत दुखले, जबडा किंवा डावा हात दुखला, फार धाप लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली तर थांबा आणि लगेच दवाखाना गाठा. थोड्या वेळाने बरे वाटले तरी दाखवायला जा.

गरोदर ताईंनी डॉक्टर किंवा परिचारिकेला विचारून हळूवार हालचाल करावी, उड्या मारू नयेत. बाळंतपणानंतर, विशेषतः पोट उघडून बाळंतपण झाले असेल तर डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच सुरू करावे. बाळंतपणानंतर फार उदास वाटत असेल, बाळाकडे पाहावेसे वाटत नसेल, तर तो मनाचा आजार असू शकतो. त्याला उपचार आहेत, त्यात लाज नाही.

आणि रक्त तपासा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायांमध्ये रक्त कमी आढळले. रक्त कमी असले की थकवा, धाप, चिडचिड, उदासी सगळे येते. थायरॉईडच्या बिघाडातही असेच होते. तेव्हा नुसते मनाचे आहे असे समजून बसू नका. सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्या.

मिरवणुकीसाठी एक सांगणे. भिंतीएवढे स्पीकर लावले की छाती हादरते आणि कानाच्या आतल्या नाजूक पेशी मरतात. त्या पुन्हा तयार होत नाहीत. तान्ह्या मुलांना आणि हृदयरोग्यांना अशा स्पीकरजवळ नेऊ नका. हलगी, ढोलकी, लेझीम यांवरही पाय थिरकतात. मंडळांनी याचा विचार करावा.

नाच पुरेसा नसतो तेव्हा

इथे आम्हाला नीट बोलायचे आहे. नाच हे पूरक औषध आहे, सगळ्या आजारांवरचा तोडगा नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज उदास वाटते, कशात आनंद नाही, झोप आणि भूक बिघडली आहे, आपण निरुपयोगी आहोत असे वाटते, अशी लक्षणे असतील तर डॉक्टरांना भेटा. जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनाच्या आजारांवर उपचार मिळतात. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते. मराठीत बोलता येते. मनाच्या गोळ्या चालू असतील तर बरे वाटते म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नका.

कुणी मरणाची भाषा केली तर ती नाटक समजू नका. त्याला एकटे सोडू नका. कीटकनाशक, गोळ्या, दोर असे हाताशी असेल ते बाजूला करा, जवळ बसा, सरळ विचारा आणि मदतीला घेऊन जा. विचारल्याने तसे विचार डोक्यात भरत नाहीत, उलट माणूस मोकळा होतो.

आणि उदास माणसाला "चल नाच, बरे वाटेल" असे दटावू नका. त्याला उठताच येत नसेल. त्याच्या शेजारी बसा, एक टाळी वाजवा. आज नाही तर उद्या तोही वाजवेल.

दुःखाला कारण आहे

एखादा कार्यकर्ता म्हणेल, लोकांना पाणी नाही, पोरांना नोकरी नाही, जात विचारून खोली नाकारतात आणि तुम्ही नाच शिकवता? प्रश्न बरोबर आहे. तथागतांनी सांगितले की दुःखाला कारण असते आणि ते कारण दूर करावे लागते. नळाला पाणी नसल्याचे दुःख नाचाने जात नाही. त्यासाठी वॉर्ड ऑफिसवरच जावे लागते.

पण वॉर्ड ऑफिसवर जाणार कोण? जिला सकाळी उठावेसेच वाटत नाही ती मोर्चात येत नाही. जो पोरगा खाटेवरून उठत नाही तो स्पर्धा परीक्षेचा अर्ज भरत नाही. खचलेला माणूस अन्याय सहन करतो, कारण प्रतिकार करायलाही अंगात आणि मनात बळ लागते. ते बळ टिकवणे हेही चळवळीचेच काम आहे. आमच्या विहाराच्या ओट्यावर नाचायला जमलेल्या बायांनीच पुढे नळाच्या अर्जावर सह्या गोळा केल्या. एकत्र पाऊल टाकायची सवय लागली की ते पाऊल कुठेही जाऊ शकते.

या महिन्याचा अभ्यास

घरातल्या कॅलेंडरवर रोज दोन खुणा करा. सकाळी उठल्यावर मन कसे होते: हलके, मध्यम की जड. आणि आज दहा मिनिटे हललो का: हो की नाही. महिन्याच्या शेवटी घरच्यांनी मिळून पाहा. ज्या दिवशी हललो त्याच्या दुसऱ्या दिवशी मन कसे होते? आमच्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः पडताळून पाहा. तथागतांनी कालामांना हेच शिकवले होते.

रविवारी वंदनेनंतर विहारात अर्धा तास ठेवा. पहिली दहा मिनिटे नाच, मग दहा मिनिटे शांत बसणे, मग दहा मिनिटे एकमेकींचे ऐकून घेणे. पुरुषांनी त्या वेळात मुले सांभाळावीत, चहा ठेवावा, आणि वाटले तर रांगेत उभे राहावे. जी बाई कडेला उभी राहून नुसती पाहते आहे, तिला हाताला धरून आत घ्या. तिची जागा आतच आहे.

नमो बुद्धाय! जयभीम!